लग्नाचे चित्रीकरण व्यावसायिकाकडे सोपवताना : तारीख ठरल्यापासून फिल्म हाती येईपर्यंत

लग्नाच्या चित्रीकरणाबद्दल ज्या तक्रारी आजवर माझ्या कानावर आल्या, त्यांत कॅमेरा हलक्या दर्जाचा होता अशी तक्रार जवळजवळ नाही. मंगलाष्टकांचा आवाजच आला नाही, ज्याच्याशी बोलणी झाली तो माणूस लग्नाला आलाच नाही, लाजाहोम चालू असताना सगळी टीम पंगतीत बसली होती, वर्ष उलटले तरी फिल्म मिळाली नाही, अशा त्या तक्रारी असतात. त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते : काम उलट्या क्रमाने ठरवलेले असते. आधी कोणाची तरी तीन मिनिटांची झगमगीत फिल्म आवडते, मग पॅकेजचा भाव ठरतो, मग विसार दिला जातो, आणि आपल्याकडे कोणते विधी किती वाजता व कोणत्या जागेत आहेत हे लग्नाच्या आदल्या रात्री फोनवर सांगितले जाते.

पुढील टप्पे मंगल कार्यालयात, गुरुजींच्या पौरोहित्याखाली लागणारे मराठी लग्न डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. घाई असेल तर एखादा टप्पा आटोपता घ्यावा, पण क्रम बदलू नये.

टप्पा १ : कोणालाही फोन करण्याआधी स्वतःचे वेळापत्रक लिहा

एका कागदावर पाच रकाने आखावेत : विधी, वेळ, जागा, कोण असायलाच हवे, आणि त्या विधीत आवाज महत्त्वाचा आहे का. मुहूर्तमेढ, देवक, हळद, सीमांतपूजन, गौरीहार, मंगलाष्टके, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, विहिणींची पंगत, झाल, पाठवणी, गृहप्रवेश यांपैकी आपल्याकडे काय होते, काय होत नाही आणि कोणत्या क्रमाने होते, हे गुरुजींना आणि घरातल्या जाणत्या बाईंना विचारूनच भरावे. घरोघरचा क्रम वेगळा असतो. व्हिडिओग्राफरने शंभर लग्ने केली असली तरी तुमच्या घरचा क्रम त्याला ठाऊक नसतो.

वेळेच्या रकान्यात एक चूक हमखास होते. पत्रिकेवर छापलेला मुहूर्त, समजा १२ वाजून ३७ मिनिटे, हा अंतरपाट दूर होण्याचा क्षण असतो, मंगलाष्टके सुरू होण्याचा नव्हे. मंगलाष्टके त्याच्या आधीच सुरू झालेली असतात आणि वधूला घेऊन मामा त्याहूनही आधी निघालेला असतो. म्हणून कॅमेरे व माइक जागेवर लागण्याची वेळ मुहूर्ताच्या किमान ४५ मिनिटे आधीची धरावी आणि ती कागदावर वेगळी लिहावी.

पडताळणी : एकाच वेळी दोन ठिकाणी चालणाऱ्या गोष्टींभोवती गोल करा. वधू गौरीहारापाशी बसलेली असताना वराची मिरवणूक कार्यालयाच्या दारात पोहोचत असते. देवक दोन्ही घरी एकाच सकाळी असू शकते. तुम्हाला किती माणसे लागणार याचे उत्तर या गोलांत आहे, पॅकेजच्या पत्रकात नाही.

टप्पा २ : नेमके काय हवे ते ठरवा

या व्यवसायात दोन शब्द सतत वापरले जातात. ‘ट्रॅडिशनल व्हिडिओ’ म्हणजे विधींची सलग, फारशी न कापलेली नोंद. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे निवडक क्षण, संथ गती, पार्श्वसंगीत आणि रंगसंस्कार असलेली फिल्म; तिचेच आखूड रूप म्हणजे हायलाइट, त्याहून आखूड टीझर आणि रील. स्वस्त पॅकेजमध्ये पुष्कळदा यांपैकी एकच असते आणि दुसरे त्यातच आले असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. सिनेमॅटिक टीमने फक्त तुकडे टिपले असतील, तर कन्यादानाचा पूर्ण विधी पाहण्याची आजोबांची इच्छा नंतर कोणालाच पुरवता येत नाही.

माझे मत असे की मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचे सलग चित्रण एका तरी कॅमेऱ्यावर मागून घ्यावे आणि त्यातून हवी तर सिनेमॅटिक फिल्म करून घ्यावी. सलग चित्रणातून हायलाइट कधीही काढता येते. हायलाइटमधून सलग चित्रण काढता येत नाही.

कॅमेऱ्यांची संख्या अंतरपाटावरून ठरवावी. वधू आणि वर समोरासमोर उभे, मध्ये कापड, मागे करवल्या आणि मामा, भोवती दीडशे माणसे. एका कॅमेऱ्यात एकाच्याच चेहऱ्यावरचा भाव येतो आणि दुसऱ्याची पाठ. अंतरपाट खाली येतो तेव्हा दोघे एकमेकांकडे पाहतात तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो पुन्हा करवून घेता येत नाही. म्हणून बोहल्यावर दोन हाती कॅमेरे, एक वधूसाठी व एक वरासाठी, आणि तिसरा उंच स्टँडवर न हलणारा, ही मला किमान गरज वाटते. लग्न फारच लहान, घरगुती असेल तर तिसरा वगळावा. दुसरा वगळू नये.

इशारा : वरपक्षाने एक टीम आणि वधूपक्षाने दुसरी टीम आणली, तर दोन्ही टीमचे निम्मे चित्रण समोरच्या कॅमेरामनच्या पाठीचे होते. व्याह्यांशी आधीच बोलून एकच टीम ठरवावी आणि खर्च वाटून घ्यावा. ते जमत नसेल तर बोहल्यावरच्या जागा कोणाच्या, हे दोन्ही टीमना लेखी सांगावे.

टप्पा ३ : माणूस निवडा, पॅकेज नव्हे

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि चातुर्मास लागेपर्यंत चालते. त्यातले चांगले मुहूर्त ठरावीक तारखांना एकवटतात. अशा दाट मुहूर्ताच्या दिवशी एकच स्टुडिओ तीन-चार लग्ने घेतो, स्वतःची दोन माणसे दोन ठिकाणी पाठवतो आणि बाकीच्या ठिकाणी रोजावर फ्रीलान्सर लावतो. त्यात गैर काही नाही, पण ज्याचे काम पाहून तुम्ही विसार दिला तो माणूस तुमच्या बोहल्यावर नसणे, ही गोष्ट लग्नाच्या दिवशी कळू नये. कार्यालयाची तारीख पक्की झाली की पंधरा दिवसांच्या आत ही निवड हाती घ्यावी.

निवडताना पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. हायलाइट पाहू नका, किंवा पाहून बाजूला ठेवा. एखाद्या मंगल कार्यालयातल्या लग्नाची संपूर्ण फिल्म मागा. लॉनवरच्या संध्याकाळच्या उजेडात सगळ्यांचेच काम देखणे दिसते. ट्यूबलाइट, रंगीत दिवे आणि गर्दी असलेल्या हॉलमध्ये ते कसे दिसते ते पाहायचे आहे.

२. त्या फिल्ममधील मंगलाष्टकांचा भाग लावा आणि डोळे मिटून ऐका. शब्द स्पष्ट कळतात का? ‘शुभमंगल सावधान’नंतर बॅन्ड सुरू होतो तेव्हा आवाज फाटतो का? की तिथे मुद्दाम सनईचे तयार संगीत चढवून मूळ आवाज झाकला आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर मूळ आवाजाचे ध्वनिमुद्रण बिघडले असण्याची शक्यता दाट असते.

३. आमच्या तारखेला प्रत्यक्ष कोण येणार, त्यांनी स्वतः केलेले काम कोणते, आणि त्याच दिवशी तुमच्याकडे आणखी किती कामे आहेत, हे सरळ विचारा. उत्तर देताना चिडणारा माणूस लग्नाच्या गर्दीतही चिडतो.

४. गेल्या वर्षभरातल्या दोन ग्राहकांशी बोला आणि त्यांना काम चांगले होते का असे न विचारता, फिल्म किती महिन्यांनी हाती आली आणि किती वेळा फोन करावा लागला, एवढेच विचारा.

५. वधूच्या तयारीच्या खोलीतले चित्रण हवे असेल तर टीममध्ये बाई आहे का, हेही याच बैठकीत विचारावे.

टप्पा ४ : भाव फोडून घ्या

पॅकेजचा एकच आकडा स्वीकारू नये. दर माणशी दर दिवशी किती, संकलनाचे किती, ड्रोन किंवा लाइव्ह प्रक्षेपणाचे किती, प्रवास व मुक्काम कोणाकडे, जादा तासाला किती, असे तुकडे मागावेत. आकडे फोडून मिळाले की दोन स्टुडिओंची तुलना करता येते आणि नको असलेली गोष्ट वगळताही येते. रत्नागिरीला किंवा गोव्यात लग्न असेल तर टीम आदल्या दिवशी पोहोचणार की पहाटे, यावर प्रवासखर्च आणि कामाचा दर्जा दोन्ही अवलंबून असतात. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाच्या हातात मुहूर्ताचा कॅमेरा देऊ नये.

छायाचित्रण व चित्रीकरणाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही आणि नोंदणी नसताना त्याने बिलात जीएसटी लावता कामा नये. ठरलेला आकडा करासह की कराशिवाय, हे विचारून लिहून घ्यावे. लाखाच्या कामात हा फरक १८ हजारांचा होतो.

इशारा : काही मंगल कार्यालयांत बाहेरचा फोटोग्राफर आणल्यास वेगळी रक्कम घेतात किंवा त्यांचाच माणूस घ्यावा लागतो. ही अट कार्यालयाच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असते. ती विसार देण्याआधी वाचावी.

टप्पा ५ : लेखी करार

व्हॉट्सॲपवरचे संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण ते विखुरलेले असतात. दोन पानांच्या साध्या कागदावर सर्व अटी लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

येणाऱ्यांची नावे. मुख्य कॅमेरामनचे नाव लिहावे आणि तो आजारी पडल्यास बदली माणूस तुमच्या संमतीने येईल, अन्यथा रक्कम परत मिळेल, असे नमूद करावे.

कामाचा शेवट. ‘आठ तास’ असे लिहिल्यास आठवा तास झाल ऐन रंगात आली असताना भरतो. शेवट घटनेने लिहावा : ‘वराच्या घरी माप ओलांडून गृहप्रवेश होईपर्यंत.’ वरपक्षाची नाराजी बहुतेक इथेच उद्भवते, कारण करार वधूपक्षाने केलेला असतो आणि तो पाठवणीपाशी संपतो.

तारीख पुढे गेल्यास. सुतक आले किंवा घरात आजारपण आले तर लग्न पुढे जाते. अशा वेळी विसार बुडणार नाही, नव्या तारखेला वळता होईल, असे वाक्य असावे; नवी तारीख व्हिडिओग्राफरला मोकळी नसेल तर किती रक्कम परत मिळेल तेही असावे. हे बोलायला अशुभ वाटते म्हणून टाळले जाते आणि मग दुःखाच्या दिवसांत पैशांवरून वाद होतो.

हक्क आणि प्रसिद्धी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा चित्रफितीचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ते करून घेणारा असतो. म्हणजे काहीच लिहिले नाही तर कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण ‘सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील’ हे छापील वाक्य सही करून मान्य केले, की तोच उलट करार ठरतो. ते वाक्य खोडून घ्यावे. स्टुडिओला आपल्या प्रसिद्धीसाठी इन्स्टाग्रामवर काही टाकायचे असेल तर आधी दाखवून लेखी संमती घ्यावी, अशी अट घालावी. दागिने, घराचा दर्शनी भाग आणि लहान मुले रीलमध्ये गेलेली सगळ्यांनाच चालतात असे नाही.

मूळ चित्रण. न कापलेल्या सर्व फायली मिळणार का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि स्टुडिओ त्या किती महिने सांभाळणार, हे लिहावे. हक्क तुमचा असला तरी फायली कोणत्या रूपात आणि केव्हा द्यायच्या हे कायदा ठरवून देत नाही.

पैसे. एकूण रक्कम १ लाख असेल तर २५ हजार बुकिंगला, ५० हजार लग्नाच्या दिवशी आणि २५ हजार अंतिम फायली तपासून झाल्यावर, अशी विभागणी मला योग्य वाटते. लग्नाच्या दिवशीच सर्व रक्कम मागणारे पुष्कळ आहेत. शेवटचा चौथा हिस्सा हातात ठेवण्याबद्दल मात्र तडजोड करू नये, कारण त्याखेरीज तुमच्याकडे दुसरा कोणताही धाक उरत नाही.

पडताळणी : करारात फिल्म देण्याची तारीख आहे का? ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे.

टप्पा ६ : आवाज आणि प्रकाश, लग्नाच्या आठवडाभर आधी

आमच्या घरातल्या एका लग्नात आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टके स्वतःच म्हटली होती. त्यांत दोन्ही घरांची नावे गुंफली होती, दिवंगत आजीचा उल्लेख होता. फिल्ममध्ये आत्याचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येतो तो पंख्याचा घरघराट व मागे चाललेली गप्पांची कुजबूज. कॅमेरा उत्तम होता; माइक मात्र कॅमेऱ्यावरचाच, म्हणजे आत्यापासून वीस फूट दूर होता. आत्या आता नाही. हा टप्पा त्यामुळे मी जरा लांबवणार आहे.

मंगलाष्टकांचा आवाज तीन मार्गांनी घ्यावा. पहिला, कार्यालयाच्या साउंड सिस्टिमच्या मिक्सरमधून थेट तार जोडून. यासाठी साउंडवाल्याशी व्हिडिओग्राफरने आधी बोलून कोणती पिन लागते ते पाहावे, कारण मुहूर्ताच्या दहा मिनिटे आधी पिन जुळत नाही असे निष्पन्न होणे ही नेहमीची गोष्ट आहे. दुसरा, गुरुजींच्या उपरण्याला लावलेला छोटा कॉलर माइक. त्यासाठी गुरुजींची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी, होम चालू असताना नव्हे. तिसरा, बोहल्याच्या जवळ ठेवलेला स्वतंत्र रेकॉर्डर. तिन्हींपैकी एक तरी बिघडतो असे धरून चालावे. रेकॉर्डरवर दुसरा ट्रॅक मुद्दाम कमी पातळीवर ठेवायला सांगावे. मंगलाष्टकांचा हळुवार सूर आणि त्यापाठोपाठ एकदम सुरू होणारा ताशा यांतला फरक इतका मोठा असतो की एकाच पातळीवर दोन्ही नीट मुद्रित होत नाहीत.

घरातले कोण कोण मंगलाष्टके म्हणणार आहेत त्यांची यादी द्यावी आणि त्या प्रत्येकाने माइक हातात घेऊनच म्हणावे असे बजावावे. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको’ असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्याही हातात माइक द्यावा.

हीच गोष्ट उखाण्यांची. विहिणींच्या पंगतीत आणि गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावर नाव घेतले जाते तेव्हा टीमचे माइक पेटीत गेलेले असतात. वेळापत्रकाच्या पाचव्या रकान्यात ही दोन्ही ठिकाणे ठळक करावीत.

प्रकाशाबाबत डेकोरेटरला दोन सूचना पुरतात. बोहल्यावर समोरून पांढरा, किंचित उबदार प्रकाश हवा. आणि जांभळे-निळे रंगीत दिवे हळदीच्या किंवा स्वागत समारंभाच्या वेळी कितीही लावा, पण मुहूर्ताला बंद ठेवा. रंगीत प्रकाशात वधूच्या चेहऱ्याचा व शालूचा रंग जो बिघडतो तो संकलनात पुरता सुधारत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी दिवे कॅमेऱ्यात लुकलुकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास हे बहुधा टळते. व्हिडिओग्राफरने कार्यालयात एकदा आधी जाऊन, सर्व दिवे लावून, एक मिनिटाचे चित्रण करून पाहावे. पाठीमागे एलईडी स्क्रीन असेल तर तिच्यासह पाहावे, कारण तिचे लुकलुकणे वेगळेच असते.

पडताळणी : व्हिडिओग्राफर, साउंडवाला, डेकोरेटर आणि कार्यालयाचा व्यवस्थापक या चौघांचे क्रमांक एकमेकांकडे आहेत का?

टप्पा ७ : ड्रोन आणि लाइव्ह प्रक्षेपण

ड्रोन हवाच असेल तर आधी जागा तपासावी. ड्रोन नियम २०२१ नुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांत विभागला असून तो डिजिटल स्काय या सरकारी मंचावर पाहता येतो. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. मुंबईत पोलिसांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात आणि पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचाही तळ आहे, हे विसरू नये. प्रमाणपत्राची प्रत करारालाच जोडावी. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र परवानगी असली तरी ड्रोन उडवू देऊ नये; त्याचा आवाज तीनही माइकांत उतरतो.

लाइव्ह प्रक्षेपण हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळा माणूस हवा. पाचशे माणसांचे मोबाइल एकाच हॉलमध्ये असताना नेटवर्क कोलमडते, त्यामुळे कार्यालयाची तारेची जोडणी किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे ठेवावीत. हिवाळ्यात आपल्या साडेबाराच्या मुहूर्ताला न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असतात. तिकडचे काका-काकू जागत बसलेले असताना चित्र गोठले तर ते दुःख वेगळेच. त्यांना दुवा दोन दिवस आधी पाठवून चाचणी घ्यावी.

टप्पा ८ : लग्नाचा दिवस

१. वधू-वरांपैकी कोणीही आणि दोन्ही आई-वडील व्हिडिओ टीमशी बोलणार नाहीत. त्यासाठी एक चुलतभाऊ किंवा मैत्रीण नेमावी, जिला सर्व नातेवाईक चेहऱ्याने ओळखता येतात. ‘या दहा वृद्धांचे चित्रण हवेच’ ही यादी तिच्या हाती द्यावी आणि तिने त्यांना एकेक करून कॅमेऱ्यासमोर आणावे.

२. टीमचे जेवण मुहूर्ताच्या आधी उरकावे किंवा आळीपाळीने ठेवावे. अक्षता पडल्या की सगळा हॉल पंगतीकडे वळतो, टीमही वळते, आणि त्याच वेळी होमापाशी लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी चालू असते. कानपिळी काही सेकंदांत आटोपते. जेवायला गेलेल्या कॅमेऱ्यासाठी वधूचा भाऊ दुसऱ्यांदा कान पिळतो, पण ते तसेच दिसते.

३. मंगलाष्टके सुरू होण्याआधी गुरुजींनी किंवा निवेदकाने एकदा सांगावे : पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवावेत आणि बोहल्यावर ठरलेल्यांनीच थांबावे. हे यजमानांनी सांगितले तर लोक रागावतात. गुरुजींनी सांगितले तर ऐकतात.

४. होमाचा धूर आणि बसलेली जोडी यांमुळे इथे कॅमेरा जमिनीलगत लागतो. उभ्याने केलेल्या चित्रणात फक्त मुंडावळ्या आणि पागोट्याचा शेंडा येतो. ही सूचना आधी द्यावी.

५. वर परदेशी परतणार असेल तर विवाह नोंदणी व व्हिसाच्या कामासाठी लग्नविधीची चार-पाच स्वच्छ छायाचित्रे दोन दिवसांत लागतात. ती फोटोग्राफरकडून त्याच संध्याकाळी मागून घ्यावीत. अल्बमची वाट पाहू नये.

टप्पा ९ : त्याच रात्री प्रती

चित्रणाची एकमेव प्रत मेमरी कार्डात असते आणि ते कार्ड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नात वापरले जाते. दोन कार्डे एकाच वेळी भरणारे कॅमेरे वापरावेत, आणि पाठवणीनंतर त्याच रात्री सर्व फायली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात, ही अट करारात घालून त्या रात्री ती पाळली का हे विचारावे.

डिस्क किती मोठी लागेल याचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेल्या फोर-के चित्रणाला तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. तीन कॅमेरे आठ तास चालले तर सुमारे १,०८० जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क पुरत नाही. २ टीबीची स्वतः विकत घेऊन द्यावी.

इशारा : तुमच्याकडे फायली पोहोचल्याचे लेखी कळवेपर्यंत कोणतेही कार्ड पुसले जाणार नाही, हे त्या रात्री एका ओळीच्या संदेशाने पुन्हा कळवावे.

टप्पा १० : संकलन, दुरुस्त्या आणि ताबा

संकलन सुरू होण्याआधी देवनागरीत नावांची यादी द्यावी, आडनावांसह, मामा-मामींसह. शीर्षकात आडनाव चुकले तर ती चूक पुढे प्रत्येक पाहुण्याच्या नजरेस पडते. संगीताबाबतही आधीच बोलावे. लग्नसमारंभात गाणी वाजवण्यास कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण फिल्मला जोडून इंटरनेटवर टाकलेल्या गाण्याला ती लागू होत नाही. यूट्यूबवर चढवलेली फिल्म मुकी होते किंवा रोखली जाते. परवाना असलेले संगीत वापरावे, किंवा घरी पाहण्याची एक आणि इंटरनेटसाठी दुसरी, अशा दोन आवृत्त्या मागाव्यात.

पहिला मसुदा आला की घरातल्या एकानेच सर्वांच्या सूचना गोळा करून, मिनिट-सेकंदांसह, एकाच यादीत पाठवाव्यात. सात जणांनी सात फोन केले तर संकलक एकाचेही नीट ऐकत नाही, आणि करारात दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरल्या असतील तर त्या त्यातच संपतात.

अंतिम डिस्क मिळाल्यावर प्रत्येक फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. पूर्ण फिल्मचे तुकडे केलेले दिसले तर बहुधा कारण हेच असते आणि एक्सफॅट पद्धतीवर पुन्हा मागितल्यास ती सलग मिळते. घरच्या टीव्हीवर लावून पाहावी. मूळ फायलींची संख्या कॅमेऱ्यागणिक मोजावी, मगच शेवटचा हप्ता द्यावा.

ठरलेली तारीख उलटून गेली तर आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम ठेवावा. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. करार, पावत्या आणि त्या रात्रीचा कार्ड न पुसण्याचा संदेश, हे तिन्ही तोपर्यंत एकाच फायलीत असू द्यावेत.